सारिकाचा चाळीस जणांचा भात

शांतावहिनी, गुडघा कसा आहे? आबा, खोकला थांबला का? मंदा, बाळ नीट झोपतंय ना? मी बरी आहे, पण आज मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

कामशेतजवळच्या बालगृहात मी बारा वर्षं स्वयंपाक केला. तिथली सारिका अठराची झाली, नियमाप्रमाणे बाहेर पडली. आता लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला असते, खोलीत एकटीच राहते. आज तिनं मला जेवायला बोलावलं.

बघते तर पातेलंभर भात!

"अगं, वरात यायचीय का?"

"हसू नका मावशी. मला चाळीस जणांचंच माप येतं. तुमच्याच हाताखाली शिकले की!"

खरंच. ती तांदूळ मोजायची, पोरं ताटं वाजवायची. काय गलका असायचा!

मी मूठ दाखवली. एकटीला दीड मूठ पुरे.

"एवढ्याशासाठी गॅस कोण पेटवणार? आज तुम्ही येणार म्हणून पेटवला. रोज वडापावच."

 दर रविवारी माझ्याकडं जेवायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. पण अशी पोरं दरवर्षी बाहेर पडतात, तुमच्या गावाकडंही कामाला येतात. तुमच्याकडं रविवारी एक पान वाढेल का? लवकर लिहा, वाट बघते.