नऊ पॉइंट आठ

मी तोंडाने फटकळ. वाशीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले तेव्हा तर जास्तच. ओरडून झालं की मलाच वाईट वाटायचं आणि मग मी भलतेच लाड करून बसायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, पण हा स्वभाव अजून पुरता गेलेला नाही.

तिसऱ्या वर्षाला उरणजवळच्या मोरा बंदरातली एक मुलगी होती. आई उरणच्या बाजारात मासे विकायची. घरात कॉलेज पाहिलेली ही पहिलीच. पदवी मिळाली की तुर्भ्याच्या कुठल्याही केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागायचं, एवढं तिचं पक्कं होतं. फक्त टायट्रेशनला हात थरथरायचा. ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या काचनळीतून, थेंब थेंब सोडायचे आणि खाली फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला की थांबून रीडिंग घ्यायचं, एवढंच काम. हिचे थेंब जास्त पडायचे आणि फ्लास्क दरवेळी राणी कलरचा.

"अगं बाई, प्रयोग करतेयस का कोकम सरबत?" मी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं. पोरं हसली. तिचे डोळे भरले. झालं, मी विरघळले. द्रावण मीच बनवलेलं, उत्तर मला ठाऊक. जवळ जाऊन हळूच सांगितलं, "नऊ पॉइंट आठ येतं. तेवढ्यावर थांब."

मग वर्षभर तेच. आधी ओरडायचे, मग कानात आकडा सांगायचे. तिचं जर्नल वर्गात सगळ्यात सुंदर होतं.

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी द्रावणं बदलून स्वतःची ठेवली. सगळ्यांचं रीडिंग बाराच्या पुढे, हिने मात्र मी कानात सांगितलेलं तेच नऊ पॉइंट आठ लिहिलेलं. "मॅडम, ही मुलगी प्रयोग न करताच लिहिते की काय?" त्यांनी मला विचारलं. तो आकडा कोणाचा, हे मला चांगलंच माहीत होतं. पण माझी दातखीळ बसली. ती नापास झाली.

निकालानंतर ती लॅबमध्ये आली. मी म्हटलं, "चूक माझी होती. तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. मला लाज वाटते."

"चूक हाय ते मना पन ठावं होतं, मॅडम. सोपं वाटायचं, म्हनून घेत होते." मग ती म्हणाली, "आय म्हनते, ऑक्टोबरची परीक्षा दे, नाय झालं तर टोपली उचल. बोंबील साफ करताना माजा हात नाय थरथरत. हितंच काय होतं?"

"मी ओरडते म्हणून," मी म्हटलं.

"मंग ओरडू नका. आकडा पन सांगू नका. नुसत्या बाजूला उभ्या रहा."

ऐकायला सोपं, पण मला ते फार जड गेलं. द्रावण लॅबच्या शिपायाला बनवायला सांगितलं, म्हणजे मलाही उत्तर कळायला नको. दर शनिवारी ती करायची आणि मी हाताची घडी घालून, ओठ दाबून शेजारी उभी. कित्येक फ्लास्क राणी कलरचे झाले. ती धुवायची आणि परत मांडायची.

ऑक्टोबरच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक दुसरे होते, कॉलेजतर्फे मीच. सवयीने तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. पहिला फ्लास्क गडद झाला. मी तोंड उघडणारच होते.

तिने फ्लास्क धुतला, ब्युरेट परत भरला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी बसा आता."

मी खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. तिथून फ्लास्कचा रंग दिसत नव्हता. तिचा हात तेवढा दिसत होता, आणि तो स्थिर होता.