लाथ मारायच्या आधी

राजाराम सासने अमेरिकन फुटबॉल खेळला असं मी आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळात सांगितलं, की लोक गालातल्या गालात हसतात. "शैलेंद्र, आज काय घेऊन आलास?" म्हणतात. हसा राजेहो, हसा! मी त्याचा रूममेट होतो. हा माणूस ओल्या टॉवेलसकट पन्नास किलो भरायचा, हे मलाही ठाऊक आहे. तरी खेळला.

साल १९८३. टेक्सासमधल्याच एका आडगावच्या कॉलेजात आम्ही दोघंच मराठी. मी नागपूरचा, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही. राजाराम कोल्हापूरचा, पण कोल्हापूरचं नाव घालवणारा. तिथला माणूस नुसता चहा मागतो तरी चौकाला कळतं. हा वर्गात बसलेला असायचा आणि प्रोफेसर त्याला गैरहजर धरायचा, कारण "प्रेझेंट" म्हणायला याच्या घशातून आवाज निघायचा नाही. मेसमधल्या बाईनं पहिल्याच दिवशी ठरवलं, की इंडियन म्हणजे शाकाहारी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला गडी, पण "बाई, मला चिकन चालतं" एवढं बोलवेना. अख्खं सेमिस्टर उकडलेला घेवडा खाल्ला त्यानं. मी म्हणायचो, "अबे, मी सांगू का तिला?" तर म्हणायचा, "नको रं, तिला वाईट वाटंल."

कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलवरून डोकी फुटतात, हे तुम्हाला माहीत असेल. राजाराम शाळेत असल्यापासून पेठेच्या टीमबरोबर हिंडला, पण मैदानात उतरायची वेळ कधी आली नाही. काडीपैलवान म्हणून त्याला बाहेर बसवत, खेळणाऱ्यांच्या चपला राखायला. टीमची जर्सी त्याला एकदाही मिळाली नाही. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडे होतं. मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो.

ऑगस्टात एकदा आम्ही कपडे धुऊन मैदानाच्या कडेनं परत येत होतो. कॉलेजच्या टीमचा सराव चालला होता. त्यांचा तो लांबुळका बॉल गडगडत आमच्यापाशी आला. कोच हॅगर्टी, म्हणजे मानेशिवाय जन्मलेला एक लालबुंद माणूस, लांबून ओरडला, "इकडे फेक!" राजारामनं कपड्यांची टोपली माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि अनवाणी पायानं बॉल हाणला. तो कोचच्या डोक्यावरून गेला, कुंपणावरून गेला आणि बँडवाल्यांच्या खोलीच्या पत्र्यावर धाडकन आदळला.

"शैल्या, पळ! आता व्हिसा गेला!" म्हणत राजाराम सुटला. मागं टोपली घेऊन मी, आणि माझ्या मागं गोल्फच्या गाडीतून कोच. लॉन्ड्रीच्या मागं त्यानं आम्हाला गाठलं. "ती लाथ कुणी मारली?" त्यानं विचारलं. राजारामनं माझ्याकडे बोट दाखवलं! पण माझ्या पायात चपला होत्या आणि हा अनवाणी, कोचला कळायचं ते कळलं.

अशा रीतीनं राजाराम टीममध्ये गेला. नावाला फुटबॉल, सगळा धंदा हातांचा आणि धडकांचा. पायाचं काम मधूनमधून. एक जण गुडघा टेकून बॉल बोटानं उभा धरतो, आणि दुसऱ्यानं तो लाथेनं दोन खांबांच्या मधून पार करायचा. बॉल धरायला ड्वेन नावाचा शेतकऱ्याचा पोरगा होता. दाराइतका रुंद आणि गाईसारखा गरीब. राजारामला जर्सी मिळाली, ती त्याच्या गुडघ्यापर्यंत यायची. तो ती घालून जेवायचा आणि घालूनच झोपायचा. मी चिडवणार होतो, पण त्याचा चेहरा बघून नाही चिडवलं.

पहिल्याच मॅचला घोळ झाला. राजारामनं लाथ मारली, बॉल समोरच्या धटिंगणाच्या हाताला लागून परत आला आणि मैदानात गडगडू लागला. अशा वेळी जो तो बॉलवर झेप घेतो. पण लाथ मारताना राजारामचा पाय ड्वेनच्या बोटांना लागला होता. आणि माणसाला पाय लागला की आपण काय करतो? वाकला हा! ड्वेनच्या हाताला हात लावून छातीशी नेला. उठताना दुसरा पाय त्याच्या गुडघ्याला लागला, म्हणून पुन्हा वाकला. तेवढ्यात समोरच्या टीमच्या एकानं बॉल उचलला, या दोघांच्या शेजारून आरामात पळाला आणि मैदानाच्या टोकाला जाऊन पॉइंट घेऊन नाचला. गावच्या पेपरात फोटो आला. पुढे राजाराम वाकलेला, मागं तो पळतोय. बाप्पा! मी आठवडाभर तोंड लपवून फिरलो.

कोचनं बोलावणं धाडलं. राजाराम बोलणार नव्हताच, म्हणून दुभाषी म्हणून मी गेलो. मी समजावलं, की आमच्यात कुणाला पाय लागला तर लगेच माफी मागतात, लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, हात आपोआप जातो.

"अरे, या खेळात माणसं तुडवली तरच ट्रॉफी मिळते!" कोच गरजला. मग राजारामकडे वळून म्हणाला, "पुन्हा माझ्या मैदानावर वाकलास, तर जर्सी काढून माझ्या हातात द्यायची. कळलं?"

राजारामनं मान हलवली.

त्यानंतरचा सराव बघवत नव्हता. ड्वेनच्या बोटांना पाय लागू नये म्हणून हा अंग चोरून लाथ मारायचा. एक बॉल पार्किंगमध्ये गेला, एक बँडवाल्याच्या कर्ण्यात. ड्वेन म्हणाला, "रोजर, लागू दे खुशाल, मला दुखत नाही." टीमनं राजारामचा रोजर केला होता. पण दुखण्याचा प्रश्न होता कुठं? खोलीवर राजाराम जर्सीची घडी घालायचा, उलगडायचा, पुन्हा घालायचा. "देऊन टाकू का रं?" म्हणायचा. "शेवटी मी चपला राखणाराच."

असा संताप आला मला! "अबे, दे आणि जा कोल्हापूरला! नाहीतर सोड ती सवय!"

त्यानं जर्सी मांडीवर पसरली. मग म्हणाला, "आमची आज्जी सकाळी उठली की धरणीमातेची माफी मागती. पाय खाली ठेवायच्या आधी. आधी, शैल्या!"

"मग?"

"मग काय! एकदा मागितली की दिवसभर खुशाल पाय आपटत फिरती."

"पण कोचनं वाकायचं नाही म्हणून सांगितलंय. जर्सी जाईल ना बे!"

"बघू," राजाराम म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला.

शनिवारी घरच्या मैदानावर मॅच होती. शेवटचे काही सेकंद उरलेले, आमची टीम दोन पॉइंटांनी मागं, आणि राजारामची लाथ लागली तर तीन मिळणार. ड्वेन गुडघ्यावर बसला. राजाराम त्याच्याजवळ गेला आणि सगळ्या गावासमोर सावकाश वाकला. ड्वेनच्या हाताला हात लावून छातीला लावला. ड्वेननं हेल्मेट हलवून माफी मंजूर केली. कडेला कोच बोंबलत होता, "रोजर! जर्सी! जर्सी!"

राजारामनं मागं सरून अशी लाथ हाणली, की ड्वेन बोटं झटकत ओरडला. अंग चोरणं नाही, काही नाही. बॉल उंच गेला, सरळ गेला, आणि उजव्या खांबावर ठणकन आपटून बाहेर पडला.

हरलो. कोच हात पुढे करून ताडताड राजारामकडे निघाला. मी कुंपणावरून उडी मारली, त्यात पँट फाटली, तसाच धावत गेलो आणि सुरू केलं, "सर, ॲक्च्युअली आमच्याकडे असं असतं..."

"शैल्या, तू गप ऱ्हा," राजाराम म्हणाला.

त्यानं हेल्मेट काढलं, कोचच्या तोंडाकडे मान वर करून बघितलं आणि इंग्लिशमध्ये बोलला. असा खणखणीत, की पाणी पिणारे खेळाडू थांबून वळले. "मी वाकलो ते बरोबर होतं. ते मी दर वेळी करणार. लाथ चुकली, ती माझी चूक. उद्या सकाळी येऊन अंधार पडेपर्यंत मारतो. जर्सी पाहिजे तर घ्या. पण मी येणार."

आणि जर्सी डोक्यावरून ओढायला लागला. ती खांद्यांच्या पॅडमध्ये अडकली. ड्वेननं भाबडेपणानं मदतीला हात घातला, मग आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं ती खाली ओढली. हा वर ओढतोय, तो खाली ओढतोय, आतून राजाराम ओरडतोय, "सोड! सोड म्हणतो ना!"

कोच बघत राहिला. पुढे केलेला हात त्यानं खिशात घातला.

"उद्या रविवार आहे," तो म्हणाला. "सकाळी चर्च असतं. दुपारी ये." थोडं पुढे जाऊन परत वळला. "आणि ती जर्सी धुऊन आण. वास मारते."

जर्सी मीच धुतली, बाथरूमच्या बेसिनमध्ये. इतका आनंद झाला होता मला, की काही सुचतच नव्हतं, उगाच डोळ्यांत पाणी येत होतं. आणि हा लेकाचा दारात उभा राहून मला म्हणतो, "शैल्या, साबण नीट लाव."