धाकूचा पाग

माझे बाबा, धाकू, आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. हे आधीच सांगते, कारण खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्याने त्यांना वर्षभर दारुडा ठरवलं होतं. माझा संताप अजून उतरलेला नाही.

कान हळूहळू गेले तरी बाबा होडीच्या टोकावर उभे राहून पाग फेकायचे. जाळं हवेत ताटासारखं गोल उघडायचं. वल्हवायला धाकटे गोमाजीकाका.

मग ठाण्याला ऑपरेशन झालं. कानाच्या आत यंत्र बसलं, बाहेर कानामागे मशीन आलं. सुरुवातीला चक्कर यायची. बाबा भिंत धरून चालताना दिसले आणि झालं! ज्यांच्या घरी सकाळीच बाटली उघडते, त्यांनीच बोभाटा केला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तुजा पाय ठरत नाय रं. काठाला बस, जाली नीट कर," म्हणून काकांनी पाग घेतला. बाबा काठाला बसून जाळी सांधू लागले. मला मात्र काकांचं तोंड बघवेना.

काही महिन्यांनी चक्कर थांबली. घरात, रस्त्यावर बाबा सरळ चालत. होडीत उभे राहिले की पुन्हा डुलत. काका वाड्यात सांगत सुटले, "दारू सुटंल कशी? जुनी हाय."

हॉस्पिटलात बाबांचं मशीन तपासणाऱ्या शीलाबाईंनी विचारलं, "होडीत मशीन लावता ना?"

लावणार कसं? खाडीवर जाताना आमच्याकडे अंगावरचं सोनं काढून ठेवतात. आई त्या सोन्याबरोबर मशीनही डब्यात ठेवायची. खारं पाणी लागलं तर?

"आतल्या कानात तोलही असतो," शीलाबाई म्हणाल्या. "भोवतालचे आवाज ऐकू आले की काहींचे पाय जास्त स्थिर राहतात. सगळ्यांचे नाही. पण लावून बघा तर खरं. पाण्यासाठी कव्हर मिळतं. आधी उथळ पाण्यात जा."

म्हणजे दर वेळी आम्ही त्यांचा आधार काढून घेत होतो आणि वर ते डुलतात म्हणत होतो.

कव्हर घालून बाबा उथळात उभे राहायला लागले. पहिल्यांदा डुलले, नंतर कमी. एका सकाळी ते होडीच्या टोकावर गेले आणि काकांच्या हातातून पाग घेऊन फेकला. जाळं गोल उघडलं.

काका पाठीमागून पुटपुटले, "सोडली वाटतं."

या वेळी बाबांना ते ऐकू आलं. ते वळले. पाय जागचा हलला नाही.

"धरली कवा होती रं?" ते म्हणाले. "वल्हव."