देवापुढची गोळी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापावर माझा विश्वास नाही, भाजीवालीच्या तागडीवर नाही, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं देवावरही पुरता नव्हता. पूजा रोज करायची, पण मनात एक डोळा उघडा ठेवून. नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मुंबईच्या मोठ्या इस्पितळात माझ्या डाव्या छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि तो उघडा डोळा जास्तच वटारला गेला. इतकी वर्षं नेमाने दिवा लावणाऱ्या बाईलाच हे का, हा हिशेब मला काही केल्या जुळत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी टॅमॉक्सिफेनची गोळी लिहून दिली. रोज एक, पाच वर्षं. पाच वर्षं हे ऐकूनच मला शंका आली. ताप चार दिवसांत जातो, खोकला आठ दिवसांत. जे औषध पाच वर्षं घ्यावं लागतं ते औषध कसलं? पनवेलला परत आल्यावर मी घरात स्पष्ट सांगितलं की ही गोळी मला बरी करणार की संपवणार ते देवालाच ठाऊक. पहिली पट्टी तर मी रागाने खिडकीतून बाहेर भिरकावली होती. माझी धाकटी जाऊ नलू अंगणात उतरून ती उचलून घेऊन आली, फुंकर मारून पुसली आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवली. तिचं ते न बोलणंही मला खटकलं. त्यानंतर पट्ट्या मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवू लागले, किल्ली कमरेला.

शेवटी मी माझ्यापुरता एक तोडगा काढला. सकाळी पूजा करताना एक गोळी चांदीच्या वाटीत घालून देवापुढे ठेवायची. दिवसभर ती तिथेच राहू द्यायची. संध्याकाळी दिवा लागला की तीर्थाबरोबर गिळायची. औषध म्हणून घ्यायला मन तयार नव्हतं, देवाचा प्रसाद म्हणून घ्यायला ते कसंबसं तयार झालं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आपल्या आणि देवाच्या मधल्या गोष्टी घरभर कशाला?

दोन-तीन महिने बरे गेले. मग पोटात सारखं ढवळायला लागलं. अंगातून वाफा निघायच्या, चक्कर यायची, जेवणाचा वास नको व्हायचा. थोडं असं होईल हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण हे थोडं नव्हतं. तेव्हा त्यांच्याकडे जायला हवं होतं, ते मी केलं नाही. मी आपली घरातच शोध घेत बसले. दुपारी चार वाजता नलू मला पेलाभर दूध आणून देत असे आणि मी ते संपवेपर्यंत दारात उभी राहत असे. ही बाई उभी का राहते, असं माझ्या मनात आलं. एक दिवस दूध संपल्यावर मी पेल्यात बोट फिरवलं. तळाशी पांढरी कचकच होती. जिभेला लावली तर कडू.

बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेली माझी जाऊ मला काहीतरी घालत होती. हे मी ह्यांना सांगितलं नाही, कारण हे मलाच वेडी म्हणाले असते. दूध मी मोरीत ओतू लागले, नलूच्या हातचं जेवणही टाळू लागले. आणि गोळ्यांवरचा माझा उरलासुरला विश्वासही उडाला. वाटलं, शत्रू घरातच असेल तर औषध घेऊन तरी काय उपयोग? देवापुढे ठेवलेली गोळी चार संध्याकाळी मी गिळली नाही, निर्माल्यात टाकली.

पाचव्या दिवशी पेल्याच्या तळाची ती कचकच मी कागदाच्या पुडीत बांधली आणि सकाळच्या एसटीने आपट्याकडच्या माझ्या माहेरच्या गावी गेले. तिथल्या देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना भिजवलेल्या कळ्या गंधाने चिकटवतो आणि आपण प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझा प्रश्न मी मनातच ठेवला होता: नलू मला विष घालते आहे का?

कळ्या लावल्या. घटका गेली, दोन घटका गेल्या, एकही कळी हलेना. गुरव म्हणाला, "देवी आज गप्प आहे, बसा जरा." मला लगेच वाटलं, याने गंध जास्त लावलं असणार. तरी बसले. शेजारच्या खांबाला टेकून एक कोळीण बसली होती, उरणच्या बाजूची. नवऱ्यासाठी ओटी घेऊन आली होती. तिने माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी पदर सावरला आणि पर्स जवळ ओढली.

"काय झालंय गो बाय?" तिने विचारलं. "तोंड पार उतरलंय तुजं."

अनोळखी बाईला काय सांगायचं! पण कोणालाच न सांगता मी इतके दिवस काढले होते की तोंडातून सगळं बाहेर पडलं. ऑपरेशन, गोळी, दूध, जाऊ. पुडीही उघडून दाखवली. तिने चिमटीत घेऊन चुरा चोळला, वास घेतला, उजेडात धरला. आणि चक्क हसली. मला तिचा राग आला.

"ह्यो गोलीचा चुरा हाय," ती म्हणाली. "माज्या नवऱ्याला टीबी हाय. गोली दिली का थुकून टाकतो. मंग मी पाट्यावर कुटतं आनि कालवनात घालतं. त्याला वाटतं मी मीठ जास्त टाकतं." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुज्या घरात कोनाचा येवढा जीव हाय तुज्यावर?"

मी पुडी परत बांधली. "देवीला नको इचारू," ती म्हणाली. "तिलाच जाऊन इचार. पन भांडायला नको जाऊ." तिने ओटीतलं केळं माझ्या हातावर ठेवलं आणि उठून गाभाऱ्याकडे गेली. केळ्यात काही नाही ना, हे मी बघितलं, हेही कबूल करते. कळ्या अजून जागेवरच होत्या. त्या पडायची वाट न बघता मी निघाले.

घरी पोचले तेव्हा नलू स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. मी पुडी तिच्यापुढे ठेवली. "हे काय आहे?"

तिचे हात थांबले. "ताई, रागावू नका. दुपारी देवघरात नैवेद्याचं ताट उचलायला जाते, तर तुमची गोळी रोज वाटीत तशीच. मला वाटलं, तुम्ही घेतच नाही, तीच पडून असते. तुमची चिठ्ठी नेऊन मी वेगळी पट्टी आणली." तिने वालाचं ताट बाजूला सारलं. "माझ्या आईनं तिच्या गोळ्या चुलीच्या राखेत पुरल्या होत्या. ती गेल्यावर राख काढताना सापडल्या आम्हाला. ते पुन्हा नको होतं मला."

रोज एक तिच्या दुधातून, एक माझ्या तीर्थातून. मी तिच्यापासून लपवत होते, ती माझ्यापासून, आणि दोघींनी मिळून मला दुप्पट औषध पाजलं होतं. जिला मी विष घालणारी समजत होते ती माझ्या जिवासाठी चोरून गोळ्या कुटत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि ऑपरेशनच्या वेळी रडले नव्हते तेवढी रडले.

दुसऱ्याच दिवशी दोघी मुंबईला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, रक्त तपासायला दिलं, आणि मग दोघींना एकत्र उभं करून झापलं. गोळी कुटायची नाही, अख्खी पाण्याबरोबर गिळायची. रोज एकच, ठरलेल्या वेळी. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही. पाय सुजला, दुखला, धाप लागली, अंगावरून रक्त गेलं, तर कौल लावत बसायचं नाही, तडक इकडे यायचं. मी नलूला कौलाचं सांगितलं होतं, ते तिने तिथे सांगून टाकलं होतं. "आणि गोळी एकीनेच द्यायची, कोण ते ठरवा," त्या म्हणाल्या.

मी कपाटाची किल्ली कमरेची काढून नलूच्या हातात दिली. बाहेरून साधी गोष्ट दिसते, पण मला ती ऑपरेशनपेक्षा अवघड गेली. पहिले काही दिवस तिने गोळी हातावर ठेवली की मी उलटीपालटी करून बघत असे. तीही उभी राहून बघू देत असे. हळूहळू बघणं कमी झालं. पोटातलं ढवळणं महिनाभरात बरंच उतरलं, वाफा मात्र राहिल्या, त्यांची सवय झाली.

ती कोळीण मला परत भेटली नाही. मुद्दाम तिच्यासाठी पनवेलच्या मासळीबाजारात, नाकाला पदर लावून का होईना, तीन-चारदा फिरले. नवरा बरा झाला का, एवढंच विचारायचं होतं. देवीने तिला पाठवली का, कळ्या का पडल्या नाहीत, हे मी कोणाला पटवून देणार नाही. माझ्यासारखीला ते पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला इतकंच कळलं की देवावर सोडायचं म्हणजे वर बघायचं असं मी समजत होते, आणि त्याने मला शेजारी बघायला लावलं.

पाच वर्षं झाली तेव्हा तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं. आता गोळी बंद." दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी सवयीने हात पुढे केला. नलूने हातावर काहीतरी ठेवलं. मी न बघताच तोंडात टाकलं. गोड लागलं तेव्हा कळलं, खडीसाखर होती.