शैलाबाईंचं कपाट

वर्गणी मागायला निघालं की पैसे थोडे आणि किस्से फार जमतात. पैसे खर्च होतात, म्हणून आता आमच्याकडे किस्सेच शिल्लक आहेत.

रामघाटाजवळच्या गल्लीत एक छोटी शाळा आहे. मी तिथला निवृत्त कारकून. शैलाबाई दुसरीच्या वर्गाच्या. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून साताऱ्याहून काशीत आल्या. त्यांनी वर्गात गोष्टींची पुस्तकं मांडली आणि पोरं वाचायला लागली. माकडंही. फक्त माकडं वाचून झालेलं पान फाडत. वर्गाचं दार कधीच कुजलेलं, तिथं गोणपाटाचा पडदा.

मुख्याध्यापक म्हणाले, "आणखी एक पुस्तक फाटलं, तर सगळी ऑफिसच्या पेटीत." त्या पेटीतून बाहेर आलेलं पुस्तक मी नोकरीभर पाहिलं नाही.

"काका, कपाट हवं," बाई म्हणाल्या. "चला मागायला."

पहिले दादागुरुजी. पिढीजात भिक्षुक. त्यांनी तळवा वर करून दाखवला. "आमच्या घराण्याचा हात कायम असा. उलटा करायची सवय नाही, जरा वेळ द्या."

संध्याकाळी स्वतःच आले, यजमानांनी दिलेल्या शालींचा गठ्ठा घेऊन. हल्ली अख्खी दुसरी शालींवर बसते. हजेरी चालू असली तरी सत्कार चालल्यासारखा वाटतो.

मुन्शी घाटावरचा रामधनी नाववाला म्हणाला, "पइसा त ना हौ बहिनजी, नाव हौ."

मग रविवारी त्याच्या नावेत बाईंनी यात्रेकरूंना गोष्टी सांगायच्या आणि उतरताना त्यांनी डब्यात काही टाकायचं, असं ठरलं. एका गृहस्थांनी विचारलं, "टॅक्समध्ये सूट मिळेल का?"

रामधनीनं वल्हं थांबवलं नाही. "बाबूजी, इहाँ पाप में छूट मिलेला, टैक्स में नाहीं."

गृहस्थांनी पाकीट जवळजवळ रिकामं केलं. स्वतःचा हिशेब त्यांना ठाऊक असावा.

तरी कपाटाएवढं जमेना. लाकडाच्या व्यापारी सेठजींकडे जायचं, त्या दिवशी माझा गुडघा धरला. बाई एकट्या गेल्या आणि साताऱ्याच्या हिंदीत म्हणाल्या, "सेठजी, बच्चों के लिए एक कपाट चाहिए."

सेठजींनी हात जोडले. "विद्या के मंदिर का कपाट? हमारा सौभाग्य, बहनजी." पैसे घ्यायलाही तयार नाहीत.

पंधरवड्यानं ठेला आला. वर नक्षीदार सागवानी दार. दोन पल्ले, पितळी कड्या.

"काका, ह्याला फळ्या कुठायत?" बाईंनी मला विचारलं.

"बाई, हिंदीत कपाट म्हणजे दार. तेही देवळाचं."

बाई ओट्यावर बसल्या. मग उठून त्यांनी स्वतः गोणपाट काढलं.

दार बसलं. माकडं आली, कड्या वाजवून परत गेली. पुस्तकं अजून वर्गातच आहेत, उघड्यावर, पोरांच्या हाताला येतील अशी. डब्यातल्या पैशांतून आणखी आली. सेठजींचे आभार मानायला आम्ही दोघं गेलो. कपाट फार उपयोगी पडलं, एवढंच सांगितलं. खोटं काहीच नव्हतं.

परवा सकाळी शाळेत गेलो तर बंद दारासमोर झेंडूची फुलं, एक नारळ आणि काही नाणी. शेजारी एक यात्रेकरू म्हातारी हात जोडून उभी.

बाईंनी नाणी उचलून डब्यात टाकली, नारळ पिशवीत ठेवला.

म्हातारीनं विचारलं, "बिटिया, कपाट कब खुलेंगे?"

"दस बजे," बाई म्हणाल्या. "इतवार को बंद."