दहापर्यंत मोजलं, ती बाहेर आली नाही

“सर्व्हायकल फ्रॅक्चर आहे,” पनवेलचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मानेच्या मणक्याला तडा. मणक्यांच्या आतून स्पायनल कॉर्ड नावाची मोठी नस जाते. ती तुटली तर हातपाय जातात. माझ्या मनीषाची ती नस वाचली की नाही, हे एमआरआय केल्यावर कळणार होतं.

मी चौथी शिकले. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहिते. पुढे कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

मनीषा खालापूरजवळच्या एका वर्कशॉपात शर्यतीच्या गाड्या बांधते आणि चालवूनही बघते. एकाच माणसाची गाडी, वर टप नाही, चाकं उघडी. बसणाऱ्याच्या डोक्याभोवती लोखंडासारखी जाड कमान असते. तिला हेलो म्हणतात. मला ती कमान आवडायची नाही. आग लागली तर पोरीनं बाहेर कसं यायचं? त्यावर ती हसायची. म्हणायची, “आई, तू फक्त मोज गं.” मग बाजेखाली पाय घालून बसायची आणि झटक्यात बाहेर यायची. मी दहापर्यंत मोजायचे. आठाच्या आत ती उभी असायची.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. मनीषा ट्रॅकवर गाडी पळवून बघत होती; वळणावर गाडी सुटली आणि टायरांच्या ढिगात घुसली. टायर कमानीवर येऊन अडकले. मी मोजायला लागले. दहा झाले, ती आली नाही.

मी धावले. काखेत हात घालून तिला ओढणारच होते, तर वर्कशॉपचे दादा आडवे आले. “मावशी, आग नाय, धूर नाय. ओढू नका.” मला त्यांचा इतका राग आला की हात झटकला. तेव्हा आतून मनीषा बोलली, “आई, हात नको लावू. बोटांना मुंग्या आल्यात. मी मुद्दाम हलत नाय.”

मग टायर एकेक करून काढले. अँब्युलन्सवाल्यांनी मानेला कॉलर लावली आणि तिला सीटसकट उचललं. मला ते फार हळू वाटलं.

एमआरआयच्या खोलीबाहेर मी तीन तास बसले. कुणीतरी चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. डॉक्टर बाहेर आले. “नस शाबूत आहे. कमान नसती तर डोकं गेलं असतं. आणि कुणी ओढलं असतं तर कदाचित नस गेली असती.”

ते जायला निघाले तेव्हा मी कसंबसं विचारलं. माझे सासरे जांभळीवरून पडले होते. आम्ही त्यांना बगलेत धरून उठवलं, पाणी पाजलं, जीपमध्ये बसवून कशेळ्याच्या दवाखान्यात नेलं. बगलेत धरणारी मीच होते. त्यानंतर ते कधी चालले नाहीत. ते आमच्यामुळे झालं का?

डॉक्टर माझ्याशेजारी बाकावर बसले. “झालं असेल, नसेलही. आता सांगता येणार नाही. तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.”

मी सासऱ्यांची नऊ वर्षं सेवा केली. आमच्याकडे पडलेल्या माणसाला आधी उठवतात. उठवलं नाही तर माणुसकी नाही म्हणतात.

ऑपरेशन झालं नाही. तीन महिने कॉलर होती. मी तिला न्हाऊमाखू घालायचे, आणि ती म्हणायची, “बाळंतीण नाय गं मी.” आता तिची बोटं चांगली चालतात. पाना धरते. कमानीच्या गाडीला मी नाही म्हणत नाही.

गेल्या महिन्यात दहिवलीच्या रस्त्यावर एक बाई दुचाकीवरून पडली. माणसं जमली, दोघं तिला उठवायला वाकले. मी बोलले. मोठ्यानं बोलले. “हात लावू नका. अँब्युलन्स बोलवा.” एक जण म्हणाला, “काय बाई हाय, मरू देते काय?” मी खाली बसले, तिचं डोकं दोन्ही तळव्यांत स्थिर धरलं आणि मोजायला लागले.

दहाच्या पुढे गेले, शंभरापुढे गेले. अँब्युलन्स येईपर्यंत मोजत राहिले.