मार्कच्या शेवटच्या ओळी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका प्रामाणिक माणूस सबंध खानदेशात झाला नाही, आणि त्यांच्याइतका गैरसोयीचाही. धरणगावच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास पुण्याला पाळकांच्या वर्गाला जाऊन आले आणि तेव्हापासून काकांना कुठलीच गोष्ट एकाच माणसानं केलेली वाटेना. बायबलातली मोशेची पाच पुस्तकं मोशेची नाहीत. नोहाच्या जलप्रलयातसुद्धा दोन कथा एकमेकींत विणल्यात, एकीत प्रत्येक प्राण्याची एकच जोडी तारवात जाते, दुसरीत शुद्ध प्राण्यांच्या सात, हे ते भेटेल त्याला ऐकवत. पोस्टमनलाही. तो बिचारा बौद्ध, "असेल साहेब, सही करा," म्हणायचा. वांग्याचं भरीत खाताना म्हणत, "ह्यात दोन हात आहेत. तिखट तुझं, मीठ सासूबाईंचं." मावशी म्हणायची, "दोन्ही माझंच आहे. जेवा मुकाट्यानं."

हसू आम्हाला ईस्टरपर्यंतच आलं. त्या सकाळी उपदेशात त्यांनी सांगितलं, की मार्कच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत मरणातून उठलेला येशू कुणालाच दिसत नाही. बायका रिकाम्या कबरेपासून घाबरून पळतात आणि पुस्तक संपतं. पुढच्या ओळी मागाहून कुणीतरी जोडल्या. देवळात पहिल्या बाकावर एक अक्का होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा विहिरीत बुडून गेला, त्याला वर्षही झालं नव्हतं.

पावसाळ्यात अक्का काविळीनं आडव्या झाल्या. मी काकांबरोबर गेलो होतो. अक्कांनी डोळे उघडून एवढंच विचारलं, "बाबा, मन्हा पोऱ्या माले भेटी, ते बी कोनी मांगून जोडेल शे का?"

दाराशी मंडळीतली जाणती माणसं उभी होती. एक 'नाही' पुरला असता. काका म्हणाले, "मला ठाऊक नाही, अक्का. भेटावा असं फार वाटतं."

"मंग आठेच बठ," अक्का म्हणाल्या.

प्राण जाईपर्यंत काका त्यांचा हात धरून तिथंच बसले.

मंडळीनं त्यांना काढलं. मरत्या बाईला एवढासा धीर देववला नाही, हा ठपका. मावशीही कित्येक महिने त्यांच्याशी बोलली नाही. जळगावला एका छापखान्यात ते मुद्रितं तपासू लागले. तिथल्या मंडळीत कुणी वारलं, की शवपेटी उचलायला सगळ्यांच्या आधी हजर. प्रार्थनेला सगळे 'आमेन' म्हणत, काका गप्प. माणसं पांगली तरी ते कबरेपाशीच थांबत. मी एकदा म्हटलं, "काका, चला, ऊन फार आहे."

"तू हो पुढे," ते म्हणाले. "त्याला एकटं वाटेल."